विहीणबाई कुठल्या मजल्यावर

ताईच्या बस्त्यासाठी मी पुण्याहून सकाळची एसटी धरून जुन्नरला उतरलो आणि सवयीने पेठेतल्या कापडाच्या दुकानासमोर जाऊन चपला काढल्या. आमच्या घरातला प्रत्येक बस्ता तिथेच झालेला. आत पाऊल टाकलं तर पांढरी गादी नाही, लोड नाहीत. काचेची कपाटं आणि त्यांत मोबाईलची कव्हरं. काउंटरवरच्या माणसाने माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"कापडाचं दुकान गेलं, भाऊ. आता समदी नारायणगावच्या रस्त्याला जात्यात, शोरूमला."

घरच्यांनी फोनवर "दुकानात ये" एवढंच सांगितलं होतं. कुठल्या, ते सांगावं असं त्यांना वाटलं नाही, आणि मला विचारावंसं वाटलं नाही. मी चपला घातल्या आणि रिक्षा केली.

शोरूम तीन मजली निघालं. साड्या पहिल्या मजल्यावर, पुरुषांचे कपडे दुसऱ्यावर, लेकरांचे तिसऱ्यावर. मधून लिफ्ट, वरून गार वारा, कुठूनतरी हिंदी गाणी. जुन्या दुकानात दोन्ही घरं एका गादीवर समोरासमोर बसायची. कोण हसलं, कुणी नाक मुरडलं, सगळं जागच्या जागी दिसायचं. इथे मी पोचेपर्यंत माणसं मेंढरांसारखी पांगली होती. चुलते लिफ्टने नुसतेच वरखाली करत होते. त्यात त्या दिवशी तिथे आणखी दोन लग्नांचे बस्ते.

आई एका खांबाला टेकून उभी होती, हातात लाल काठाची हिरवी साडी. विहिणीची साडी नवरीच्या आईने निवडायची, सगळ्यांदेखत तिच्या पुढ्यात ठेवायची आणि तिच्या तोंडाकडे बघायचं, ही आमच्याकडची रीत. तोंड पडलं की लग्नभर रुसवा, आणि पुढे तो भोगायचा पोरीने. सुपारी फुटल्यापासून आईला हीच एक धास्ती होती.

"इहीणबाई कुटं गावंनात," ती म्हणाली. "जा, शोधून आन."

"मी कुठं बघितलंय त्यांना? सुपारीला माझी परीक्षा होती."

"डोक्यावर पदर हाय. अंगानं बारीक हायत."

त्या मजल्यावरच्या निम्म्या बायका डोक्यावर पदर घेतलेल्या आणि अंगाने बारीक होत्या. एकीला विचारलं, तुम्ही अवसरीच्या, नवऱ्यामुलाकडच्या का. "न्हाई बाबा, आमी मढच्या," त्या म्हणाल्या. त्यांचीही विहीण हरवली होती. जांभळ्या लुगड्यातली कुणी दिसली का, असं त्यांनीच मला विचारलं. दुसऱ्या एक बाई मी "आईनं बोलावलंय" म्हणताच निमूटपणे मागे आल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. "पन पावणं, तुमची आई कोन?" तरी आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

पुण्यात असल्या दुकानांतून मी बिनधास्त हिंडायचो. इथे तेच दिवे, कपड्यांना त्याच किमतीच्या चिठ्ठ्या, आणि मला काही सुधरत नव्हतं. राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर गेलो. आईही निघाली; तिला लिफ्टची भीती, म्हणून मागोमाग धापा टाकत जिना चढली. तिथे झबल्यांच्या कपाटाआड, सरळ फरशीवर, ताई आणि एक बाई पाय पसरून बसल्या होत्या. दोघींमध्ये शेंगदाण्याची पुडी.

"आई, ह्यांची साडी झाली बरं का," ताई म्हणाली. "ह्यांना हिरवा आवडत न्हाई. आमचं फोनवर झालं व्हतं बोलणं, मीच काढून दिली."

विहीणबाईंनी मांडीवरची निळी साडी उलगडून दाखवली. तोंड पडलेलं नव्हतं, चांगलं फुललं होतं. इतक्या दिवसांचा घोर असा बसल्या जागी मिटला. मला हायसं वाटलं. आईकडे बघितलं आणि तेही वाटेनासं झालं. तिने हातातल्या हिरव्या साडीची घडी उगाच सारखी केली आणि ती झबल्यांवर ठेवून दिली.

"बसा इहीणबाई," विहीणबाई आईला म्हणाल्या. "आता तुमची घेऊ. मघाच घेणार व्हते, पन तुमाला कंचा रंग आवडतो, ठाव न्हाई." मग ताईला, "आईला कंचा आवडतो गं?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे. आईच्या ट्रंकेतल्या साड्या डोळ्यांपुढून गेल्या. एकूणएक कुणाच्या ना कुणाच्या लग्नात मानपानाच्या म्हणून आलेल्या. आल्या त्या ती नेसत गेली.

"मला व्हय?" आई म्हणाली.

"मग काय तर, तुमालाच."

आम्ही सगळे खाली पहिल्या मजल्यावर आलो. दांडीवर ओळीने साड्या टांगल्या होत्या. आईने एकीचा पदर धरला, सोडला. दुसरीला हात लावून मागे घेतला. "सावकाश बघा, काय गडबड न्हाई," विहीणबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. आई त्या टोकापर्यंत गेली, तिथून परत आली. मग माझ्याजवळ सरकून, विहीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "मला कंचा आवडतो रं?"