माडांच्या बागेतून गेलेला दोर

तमाम ग्रामस्थ, तांडेल, खलाशी, मासे सुकवणाऱ्या बायाबापड्या, तसेच किनाऱ्यावर हिंडणारे कुत्रे आणि बगळे यांस जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, पन्नास सालानंतर दोनतीन वर्षांनी, दिवाळी उरकल्यावर, आमच्या वाडीचा समुद्र बंद करण्यात आला. लाटा चालू होत्या. भरती-ओहोटीतही काही खंड नव्हता. फक्त तिथं जायचं नव्हतं.

आमची वाडी रत्नागिरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी तेव्हा बाजारपेठेत एका दुकानात गजानं कापड मोजायचो आणि शिमग्यात वाडीच्या नाटकात राजा व्हायचो. दोन्ही ठिकाणी आवाज मोठा लागायचा, आणि तो मला देवानं जरा सढळ हातानंच दिलेला होता.

वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये एक माडांची बाग होती, आणि बागेतून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरणारी एक वाट. ती वाट कुणाची, हा प्रश्न कुणाला कधी पडला नाही. बाग खोताची. खोत तिकडं फिरकत नसे आणि त्याचा गडी माडाखाली झोपलेला असे. कुणी पडलेला नारळ उचलला तर तो एक डोळा उघडून, पाणी आहे का आत, एवढंच विचारी. पुढं कायद्यानं खोती गेली, खोताचं मन बागेवरून उडालं, आणि त्यानं ती मुंबईहून पेन्शन घेऊन आलेल्या एका गृहस्थांना विकून टाकली.

हे गृहस्थ वाईट असते तर ही गोष्ट सांगायला मला फार सोपं गेलं असतं. मी त्यांना मिशा लावल्या असत्या, खदाखदा हसवलं असतं. पण ते किडकिडीत, मऊ बोलणारे, दारी आलेल्याला चहा पाजणारे होते. बायको आजारी होती, तिला डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती. जन्मभराची कमाई घालून घेतलेली बाग, त्यात हौसेनं लावलेली माडाची रोपं, आणि तिच्यातून सकाळ-संध्याकाळ सगळी वाडी टोपल्या डोक्यावर घेऊन कलकलाट करत जाते आहे! त्यांनी बागेला काटेरी तार मारली. वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. वाडीत आलेली ती पहिलीच काटेरी तार. आम्ही सगळे ती बघायला गेलो. एकानं कौतुकानं तिच्यावर पंचा वाळत घातला आणि त्याच्या चिंध्या घेऊन घरी गेला.

या कुलपानं जी माणसं अडली त्यांत एक माझी चुलती होती. तिची गोष्ट कळायला आधी रापण कळायला हवी.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याचे दोन्ही दोर पुळणीवर आणायचे आणि माणसांनी मागं मागं सरकत ओढायचं. आमच्याकडं तिचा कायदा एकच: दोराला हात लागला त्याला वाटा. हात म्हाताऱ्याचा असो, पोरीचा असो, वाडीतला असो की शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातला. जोर किती लावला हे कुणी बघायचं नाही. पण हात लागला नाही तर रापणीचा मुख्य जो तांडेल, प्रत्यक्ष त्याच्या आईलाही माशाचं शेपूट मिळायचं नाही. हाताशिवाय घेतलेली मासळी म्हणजे भीक, आणि भीक घेणारं घर त्या किनाऱ्यावर मी पाहिलं नाही.

काका मचव्यावर खलाशी होते. कालिकतच्या बाजूला गेलेला तो मचवा परत आला नाही. काकीला मूलबाळ नव्हतं. तिनं आमच्याच घराच्या पडवीत वेगळी चूल मांडली आणि त्या चुलीवर ती माझ्या जन्माआधीपासून एकटी जेवत होती. आई सणासुदीला ताट नेऊन द्यायची तर काकी तेवढ्याच वाटीतून काहीतरी भरून परत पाठवायची. तिची सगळी मिळकत म्हणजे रापणीचा वाटा. त्यातलं थोडं ती शिजवी, बाकीचं देऊन तांदूळ आणी. गुडघे गेलेले होते, तरी रोज वाटेनं बागेतून काठी टेकत उतरायची, दोराच्या अगदी शेपटाशी उभी राहून त्यावर एक हात ठेवायची, आणि पुढच्या सगळ्यांना शिव्या घालायची. "ओढा मेल्यांनो, जेवला नाय काय?" हा तिचा ओढण्याचा प्रकार. मोहल्ल्यातला म्हातारा तांडेल म्हणायचा की वहिनींच्या शिव्या थांबल्या तर मासळी जाळ्यातून उलटी फिरेल.

फाटक लागल्यावर वाडीनं शिष्टमंडळ काढलं. पुढारी अर्थात मी. फाटकासमोर उभा राहून मी नाटकातल्या राजाच्या आवाजात, सागर ही कुणाच्या बापाची जहागीर नव्हे, अशी सुरुवात केली आणि चांगला वेळ बोललो. पेन्शनरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज सुरेख आहे म्हणाले. मग शांतपणे म्हणाले की समुद्र सरकारचा, वाळूही सरकारची, तिथं जायला त्यांची काडीची हरकत नाही. फक्त बाग त्यांची आहे, तेवढी सोडून कुठूनही जा.

तलाठ्याकडं गेलो तर त्यानंही तेच सांगितलं. भरतीच्या रेषेखाली तुमचा हक्क शाबूत आहे, म्हणाला. तिथं पोचायचं कसं ते विचारलं, तर म्हणाला ते कागदावर येत नाही. आणि वाटेची नोंद? नोंद नव्हतीच. जिथून आपण रोज जातो तिथून आपण जातो, असं कोण लिहून ठेवतं?

दुसरा रस्ता होता, पण तो खाडीच्या तोंडाला वळसा घालून, ओहोटीला, शेवाळलेल्या खडकाळ खडपांवरून. गडीमाणसं तिथून जाऊ लागली. काकीही एकदा निघाली. अर्ध्या खडपावर तिची काठी सटकली आणि ती तिथंच खाली बसली. तांडेलानं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून परत आणली. सगळ्या वाटेनं ती आमच्या दोघांच्या खानदानाचा उद्धार करत होती, म्हणून आम्हाला वाटलं फारसं लागलेलं नाही.

त्या दिवशी तांडेलानं तिचा वाटा पडवीत आणून ठेवला. काकी त्याला म्हणाली, "माझा हात लागला काय दोराला? मग हे काय?" मासळी तशीच पडून राहिली. मांजरानं खाल्ली. काकीनं मीठ घालून पेज घेतली. पुढं तांदूळही सरत आला आणि आई रोज तिला आमच्यात जेवायला बोलवू लागली. काकी रोज म्हणायची, भूक नाही.

आता माझ्यातला नाटक्या उफाळून आला. मी तांडेलाला गाठलं आणि म्हटलं, काकी दोरापर्यंत जात नाही तर दोर काकीपर्यंत न्यायचा. साहेबांनी माणसांना मनाई केलीय. सुंभाला कुठं केलीय? तांडेल दाढी कुरवाळत बराच वेळ हसला. मग त्यानं जुन्या होड्यांवरचे सुंभाचे तुकडे गोळा केले, गाठी मारून एक लांबच लांब दोर केला आणि रापणीच्या दोराच्या शेपटाला बांधला. तो पुळणीवरून तारेखालून बागेत शिरला, माडांमधून वर चढला, वरच्या तारेखालून निघाला आणि आमच्या अंगणात येऊन काकीच्या हातात पडला.

काकी पाटावर बसली होती. खाली माणसांनी जोर केला तशी तिच्या हातातला सुंभ थरथरला. तिनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला आणि अशी काही आरोळी ठोकली की गोठ्यातली गाय उभी राहिली. "अरे ओढा रे रांडेच्यांनो!" खाली पुळणीपर्यंत ते ऐकू गेलं म्हणतात, आणि माणसं हसून हसून दोर सोडायच्या बेताला आली. संध्याकाळी वाटा आला. काकीनं तो उलटसुलट करून बघितला, बांगडे बारीक आहेत म्हणून तांडेलाला सुनावलं, आणि चूल पेटवली. तो हिवाळा आमच्या वाडीनं फार मजेत काढला. दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मला विचारायचं, काय हो, दोर चालू आहे ना?

साहेबांना दोर दिसत होताच. पहिले काही दिवस ते नुसते उभे राहून बघत. त्यांची पत्नी व्हरांड्यात आरामखुर्चीवर पडून असे. तीही, आपल्या बागेतून साप सरकावा तसा सरकणारा तो दोर बघे, आणि मला आठवतं, एकदा ती चक्क हसत होती. दोर त्यांनी कापला नाही. दुसरा कुणी कापला असता.

पण दोर ताणला की उसळे, उसळला की बाजूला झेप घेई. उन्हाळा लागेपर्यंत त्यानं साहेबांची माडाची रोपं एकेक करून आडवी केली. एका सकाळी ते मोडलेलं एक रोप हातात घेऊनच आमच्या अंगणात आले. रागावलेले नव्हते. ते रोप त्यांनी काकीसमोर जमिनीवर हलक्या हातानं ठेवलं.

म्हणाले, "मावशी, हा दोर आता पुरे करा. तुमच्यासाठी मी रोज कुलूप काढून देत जाईन. तुम्ही खुशाल बागेतून जा."

काकीनं विचारलं, "आणि माझ्या मागनं ही सगळी येतील ती?"

"ते मला जमायचं नाही. सगळ्यांना सोडलं की वाट पडते."

"वाट पडलेलीच हाय. माझ्या सासूच्या सासूनं पाडलीन ती." काकीनं त्या रोपाकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "तुम्ही चांगलं बोलताव, साहेब. पण मी दर्यावर पाव्हणी म्हणून जायची नाय."

आई मध्ये पडली, मी हातापाया पडलो, तांडेलानं येऊन समजावलं, की वहिनी, वाटा तर तुमचाच राहील. काकीनं ऐकलं नाही. साहेब गेल्यावर तिनं ते मोडकं रोप उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि मला सांगितलं की गाठी सोड. गाठी पाण्यानं आवळल्या होत्या, सुटेनात. शेवटी कोयता आणला.

त्यानंतर ती आमच्या चुलीवर जेवू लागली. हे मी एका वाक्यात सांगितलं, पण आमच्या घरात त्याच्यासारखं दुसरं काही घडलं नाही. पानावर बसायची, आई वाढायची, आणि पहिल्याच घासाला काकी म्हणायची, पुरे. तिनं शिव्या देणंही बंद केलं. मी मुद्दाम तिच्यासमोर राजाची भाषणं करायचो, चुकीची करायचो, कधी राणीचीही करायचो. ती म्हणायची, छान करतोस हो. इतकं वाईट मला कुणी कधी बोललं नव्हतं.

पावसाळ्यात रापण बंदच असते. श्रावणात काकी गेली. आदल्या दिवशी थोडा ताप होता, एवढंच.

तार लागल्यापासून वाडीतलं ते पहिलं मरण. मसणवट पुळणीच्या पलीकडच्या टोकाला, आणि दर्याला उधाण. खडप पाण्याखाली. तिरडी तिथून नेणं शक्यच नव्हतं. तांडेल फाटकाकडं सांगायला निघाला, पण तो पोचायच्या आधीच साहेब छत्री घेऊन फाटकाशी उभे होते. कुलूप काढलेलं होतं. दोन्ही झडपा त्यांनी पार मागं लोटून दगडांनी अडकवून ठेवल्या होत्या.

आम्ही आत शिरलो. वाडीतले सगळे बाप्ये, मोहल्ल्यातले, बाजारातून आलेले, सगळे त्या वाटेनं. वाटेवर गवत माजलं होतं तरी पायांना वळणं ठाऊक होती. साहेबांनी छत्री मिटली आणि भिजत उभे राहिले. माडांवर पाऊस वाजत होता.

तिरडी साहेबांच्या बागेतल्या घरासमोर आली तेव्हा व्हरांड्यातली त्यांची पत्नी खांबाला धरून उठली. त्या बाईचा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता. ती आमच्याकडं बघतच नव्हती, नवऱ्याकडं बघत होती.

"अहो, आज सोडलीत तशी ही वाट सगळ्यांना तेव्हाच सोडली असतीत, तर ती बाई आपल्या पायांनी आली असती हो."