परत आलेल्यांची हजेरी

मोहिते हवालदार माझ्याकडे माल तपासायच्या कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला मनीमाजऱ्याच्या बाजारात भेटले. शर्टावरून बाळंतिणीचा पोटपट्टा घट्ट बांधून ते भेंडी निवडत होते. भाजीवाला तोंड फिरवून हसत होता. पट्ट्याच्या पाठीवर माझ्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत होतं, त्यामुळे मी आधी दुसऱ्या गल्लीत वळायचा विचार केला. तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

“आवो साहेब, सकाळी सातला बांधलाय. बाई हा बांधून वाकणार, उठणार, पोराला घेणार. मी नुसता टेबलावर ठिवून कसा पास करू?” एवढं बोलून त्यांनी पुन्हा वाकून भेंडी निवडायला सुरुवात केली. पट्टा वर सरकला. “हितं बघा. हितं बोचतंय,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विजयाचा सूर होता.

बायकोला इथल्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली म्हणून मी पुणं सोडून चंडीगडला आलो. इंजिनिअर होतो, रिकामं बसवत नव्हतं, म्हणून मनीमाजऱ्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन गुडघ्याचे, कमरेचे, मानेचे पट्टे बनवायला लागलो. मोहिते मूळचे कोरेगाव तालुक्यातले. फौजेत बूट आणि पट्टे दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. चंडीमंदिरच्या छावणीतून निवृत्त झाले, पण मुलगी इथे नर्सिंग शिकत होती म्हणून गावी न जाता थांबले. शिलाईवर गुरमीत कौर आणि तिच्या हाताखाली चार बायका. त्या सगळ्या त्यांना ‘हवालदार साब’ म्हणत आणि मला नुसतं ‘साब’. या फरकाकडे माझं लक्ष जायला बरीच वर्षं लागली.

त्यांची तपासणीची रीत ठरलेली होती. नव्या घडणीचा प्रत्येक माल आधी एक अख्खा दिवस त्यांच्या अंगावर राहायचा. मानेचा पट्टा बांधून ते जेवत, गुडघ्याचा बांधून जिने चढत. मनासारखं झालं की मालाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एक टाका घालत. तो टाका म्हणजे पास. मी एकदा म्हटलं, “हवालदार, रबरी शिक्का करून घेऊ की.” तर म्हणाले, “शिक्का कुनीबी उठवंल साहेब. टाक्याला बसावं लागतं.”

आणि त्यांची ती हजेरी! वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, ते कापणीचं मोठं टेबल रिकामं करायचे आणि वर्षभरात परत आलेला सगळा माल त्यावर ओळीनं मांडायचे. फौजेतल्या आवाजात एकेकाची हजेरी घ्यायचे. “कमरपट्टा, पंचकुला, सरदारजी, बकल तुटलं!” मग तो पट्टा कुणीतरी अंगावर चढवायचा आणि तो का परत आला ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. पहिल्या वर्षी मला एका पोक्त बाईंचा पट्टा आला. मी तो सुटाच्या पँटवर बांधून उभा, गुरमीत ओढणीत तोंड लपवून हसतेय, आणि हवालदार गंभीरपणे विचारतायत, “साहेब, श्वास घेता येतोय का? न्हाई ना? मंग त्या माऊलीला कसा येत असंल?” शेवटचा माल झाला की ते म्हणायचे, “सगळे आले?” आम्ही एका सुरात म्हणायचो, “आले!” मग गाजराचा हलवा.

वर्षअखेरीला माझाही एक नेम असे. मी इंटरनेटवर एक लांबलचक टिपण टाकायचो. सरत्या वर्षातलं यश, अपयश आणि मी माणूस म्हणून किती वाढलो, याचा गोषवारा. लोक अंगठे द्यायचे, कुणी कुणी ‘प्रेरणादायी’ म्हणायचं. ते टिपण लिहायला मला दोन दिवस लागत आणि त्या दोन दिवसांत मी कारखान्यात कुणाशी धड बोलत नसे.

पाचव्या वर्षी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलानं तान्ह्या मुलांच्या बुटांचं काम दिलं. जन्मतः ज्यांचे पाय आत वळलेले असतात अशा बाळांना प्लास्टर निघाल्यावर हे बूट घालतात. दोन बुटांच्या मधे एक आडवी पट्टी असते, आणि सुरुवातीला ते जवळजवळ दिवसभर पायात ठेवायचे असतात. बूट निघाला की पाय पुन्हा वळायला लागतो. आमचं नेहमीचं अस्तर बाजारात मिळेना. मी दुसरं आणलं, दिसायला मऊ, पांढरंशुभ्र. हवालदारांनी ते बोटांत चोळलं आणि नाक मुरडलं.

“दोन दिस थांबा. जूनचा महिना हाय. घाम आल्यावर हे कसं वागतंय ते बघू द्या.” त्यांनी अस्तराची एक पट्टी ओली करून स्वतःच्या घोट्याला आवळून बांधली आणि तशीच लंगडत घरी नेली.

मला थांबायचं नव्हतं. सोमवारी माल देईन असा शब्द मी ऐटीत देऊन बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यायच्या आत मी गुरमीतला त्या अस्तराचे तयार बूट दिले आणि म्हटलं, “लाल टाका लगा दो.” तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. “हवालदार साब?” “मैं कह रहा हूँ ना.” तिनं खाली मान घालून टाके घातले. हवालदार आले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. त्यांनी पायजमा वर करून मला घोटा दाखवला. कातडी लाल होऊन सोलली होती. मी म्हटलं, “तुमची कातडी म्हातारी आहे, हवालदार.” हे वाक्य मी खरंच बोललो.

तीन आठवड्यांत बूट परत यायला लागले. एक आई बाळाला कडेवर घेऊन दोन बस बदलून सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावर उतरली आणि विचारत विचारत थेट आमच्या दारात आली. बाळाच्या टाचेवर फोड फुटला होता. आठवडाभर तिनं बूट काढून ठेवले होते, आणि पाय वळायला लागला होता. पुन्हा प्लास्टर. हवालदारांनी ते बाळ मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्याचा पाय तळहातावर धरून बसले.

हॉस्पिटलानं आम्हाला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे तीन डॉक्टर, अलीकडे मी, आणि माझ्या मागे परत आलेल्या बुटांचं खोकं घेऊन हवालदार उभे. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हा माल तपासला कुणी? मी गाडीत ठरवून आलो होतो की सरळ कबूल करायचं. पण तोंड उघडलं आणि इंग्रजीत भलतंच बाहेर पडलं. आमच्या सुपरवायझरनं तपासणीत हयगय केली, आम्ही त्याची गंभीर दखल घेतली आहे. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. “आपने देखा नहीं था?”

हवालदारांनी खोकं खाली ठेवलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “गलती हो गई, साब.”

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो आणि ते शेजारी बसले होते. मी काहीतरी बोलावं म्हणून वाट पाहत असतील असं मला वाटत होतं. मी एसी वाढवला. जिरकपूर आलं तेव्हा तेच म्हणाले, “जुनं अस्तर दिल्लीला मिळंल. उद्या जाऊन येतो.” गेले, घेऊन आले, सगळे बूट नव्यानं बांधून दिले. काम टिकलं.

त्या डिसेंबरात मी टिपण लिहिलं. या वर्षानं मला चूक स्वीकारायला शिकवलं, असं लिहिलं. अपयशाच्या वेळी जो पुढे उभा राहतो तोच खरा नेता, असंही लिहिलं. इतके अंगठे मला आधी कधीच मिळाले नव्हते. उद्योजकांच्या एका मेळाव्यात तेच बोलायला मला बोलावलं, लोक उठून टाळ्या वाजवत होते. मी त्या घेतल्या. माझी लाज मला तेव्हाही कळत होती, एवढंच सांगतो. कळत नव्हती असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षीच्या हजेरीला टेबलावर शेवटी एक छोटा बूट होता. हवालदारांनी तो पुकारला नाही. माझ्यासमोर सरकवून म्हणाले, “साहेब, ह्यो तुमच्या पायात मावायचा न्हाई. हातात धरा.” मी धरला. सगळे थांबले होते. मी घड्याळ पाहिलं, त्याच मेळाव्याला उशीर होतोय म्हणालो आणि बूट खिशात घालून निघालो. मागून “सगळे आले?” ऐकू आलं नाही.

मार्चमध्ये मुलीला साताऱ्यात नोकरी लागली आणि ते गावी गेले. जाताना ना राग, ना टोमणा. मला वाकून नमस्कार करायला लागले, तो मात्र मी करू दिला नाही. पुढे दर एक जानेवारीला त्यांचा फोन यायचा. पिकाचं, गुडघ्याचं, नातवाचं बोलायचे आणि शेवटी विचारायचे, “हजेरी झाली का साहेब? सगळे आले का?”

“आले, हवालदार.” बूट माझ्या कपाटात, कुलपात होता.

या श्रावणात त्यांच्या मुलीचा फोन आला. मोहिते हवालदार गेले. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, तसेच. मी फोन ठेवला आणि मला पहिलं काय सुचलं असेल? आता एक जानेवारीला कुणी विचारणार नाही. आणि त्या विचारासोबत जे हलकं वाटलं, त्याची लाज मला त्या हॉस्पिटलातल्या वाक्यापेक्षाही जास्त वाटते.

यंदा मी टिपण लिहिलं नाही. शेवटच्या दिवशी कपाट उघडलं, बूट काढला आणि टेबलावर ओळीच्या शेवटी ठेवला. आता आम्ही तीस माणसं आहोत, बहुतेकांनी हवालदारांना पाहिलेलंही नाही. माझी पाळी आली तेव्हा मी बूट हातात धरला आणि सगळं सांगितलं. अस्तर, सोललेला घोटा, लाल टाका, डॉक्टरांची खोली. “ये मैंने पास किया था. हवालदार साब ने नहीं.”

मशीनपाशी गुरमीत उभी होती. तिचे केस आता पांढरे झालेत. ती म्हणाली, “हमें पता है, साब जी. टाँके तो मैंने ही लगाए थे.”

“फिर कभी बोलीं क्यों नहीं?”

“हवालदार साब ने मना किया था. कहते थे, साब खुद बोलेगा, हाजिरी में बोलेगा, तुम लोग चुप रहना.” तिनं ओढणीनं डोळे पुसले. “हर साल मेरे को फोन करके पूछते थे, साब बोला क्या?”

“तुम क्या कहती थीं?”

“मैं कहती थी, अगले साल.”