पेटीचं पोट

घाटकोपरला माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. हार्मोनियम हा शब्द फक्त पाटीवर. गिऱ्हाईक पेटीच म्हणतं. पूर्वी दुकानाची जाहिरात म्हणजे ती पाटी, आणि तिच्यातलाही रफार उडालेला. मग मुलीने इन्स्टाग्रामवर पेज काढलं. तेव्हापासून मी ‘कंटेंट’ तयार करतो आणि उरलेल्या वेळात पेट्या.

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. पेज नसतं तर गाळा एव्हाना मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याकडे गेला असता. आता पार बेळगावहून पेट्या येतात. फक्त रोज एक व्हिडिओ लागतो. त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ लागतं, आणि नंतरचं देखणं दिसायला आधीचं भयाण असावं लागतं. जन्मभर कादंबऱ्या वाचल्यात. एवढी युक्ती मला कळते.

गोवंडीचे एक काका दरवर्षी जयंतीच्या महिनाभर आधी त्यांच्या गायन पार्टीची पेटी आणायचे. सत्तरी उलटलेली, पण भीमगीतांचा मुख्य आवाज त्यांचाच. पेटी ठेवून जाणं त्यांना मंजूर नसे. समोर स्टुलावर बसायचे. मी पेटी उघडून आतली पितळी पट्टी कानशीने हलकेच घासायचो, सूर मिळाला की काका डोळे मिटून एक ओळ गायचे.

“नाय रे. अजून रडतोय.”

मोबाईलवरचं सूर मोजायचं अॅप हिरवा दिवा दाखवत असायचं. मी पुन्हा घासायचो, आणि दर वेळी काकाच बरोबर निघायचे. यात अख्खी दुपार जायची. माझं काम इतकं मन लावून दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदाच म्हणालो, “काका, आज शूटिंग आहे. ठेवून जा ना, उद्या न्या.”

ते जरा घुटमळले, पण ठेवून गेले. मुलीला ती जुनी पेटी आवडली. उघडली तर आत कोपऱ्यात थोडा निळा गुलाल, बाकी स्वच्छ. “बाबा, यात ‘आधी’ काहीच नाहीये,” ती म्हणाली. मग मी, तीस वर्षं हा धंदा केलेला माणूस, केरातली मूठभर धूळ उचलून सुरांच्या पट्ट्यांवर भुरभुरली. व्हिडिओवर ओळ घातली: ‘बघा, काय दशा करून ठेवली होती!’

पेटी दुसऱ्या दिवशी गेली. व्हिडिओ आठवड्याने टाकला आणि तो तुफान चालला. काकांच्या नातवाच्या फोनपर्यंत पोचला. काका दुकानात आले, रिकाम्या हातांनी.

“माझ्या पेटीत एवढी धूळ नव्हती.”

“काका, ते जरा व्हिडिओसाठी...”

“दर रविवारी पुसतो रे मी तिला. आता वस्तीत पोरं विचारतात, ही तुमचीच ना, ती घाणेरडी?”

तो शब्द त्यांनी ज्या तऱ्हेने उच्चारला, त्यात नुसती पेटी नव्हती. मुलीने तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला.

“आता काढून काय? बघून झाला सगळ्यांचा,” काका म्हणाले. मागवलेला चहा न घेताच गेले.

यंदा जयंती आली, काका आले नाहीत. शेवटी मीच फोन केला.

“पेटी कुठे करून घेतलीत?”

“कुठंच नाय. तशीच वाजवतो. वरचा गंधार बोंबलतोय, पण पब्लिकला काय कळतं?”

“मला कळेल. मी येतो तिकडे, हत्यारं घेऊन.”

मग म्हणाले, “ये. मोबाईल घरी ठेव.”

त्याला तीन रविवार झाले. एकदा लाइव्ह होतं, एकदा कुरियरच्या पेट्या तुंबल्या होत्या. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी मी गेलो नाही. काल संध्याकाळी पुन्हा फोन केला. सुनेने उचलला.

“बाबा कार्यक्रमाला गेलेत.”

“आणि पेटी?”

“ती काय घरी ठेवतात होय?”

मी गिऱ्हाईकाची पेटी पुढे ओढली, पण उघडली नाही. कुठल्या तरी मंडपात काका गात असणार, वरच्या गंधारापाशी येत असणार आणि त्याला चुकवून, शेजारच्या सुरावरून, पुढे जात असणार.