उलट्या खाचेचा चाकू

शिरपूरच्या बाजारात चादर अंथरून मी चाकू मांडले होते आणि एका माळ्याशी हुज्जत घालत होतो. त्याच्या भावाने मागे नेला तसाच तीन पात्यांचा चाकू त्याला हवा होता, आणि तसा दुसरा जगात नव्हता. तेवढ्यात आसेगावचा एक ओळखीचा माणूस समोर येऊन उभा राहिला. "चादर गुंडाय बाप्पा," तो म्हणाला, "किसन लोहार गेला." तापाचं निमित्त झालं होतं. किसनराव म्हणजे माझे भाटवे, थोरल्या बहिणीचे यजमान. समोरचे सगळे चाकू त्यांच्याच हातचे. मी एकेक मिटत गेलो आणि प्रत्येकाचा खटका वेगळा वाजला. या वेगळेपणावरून मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडत आलो… त्या दिवशी तो आवाज ऐकवेना.

विकणारा मी, त्यामुळे मला एकसारखा माल हवा असे. परदेशी चाकू बघा, मी म्हणायचो, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा! भाटवे ऐकून घेत आणि आपलंच खरं करीत. मूठ कधी शिंगाची, कधी शिसवाची. कलमं बांधणाऱ्या माळ्यासाठी एक पातं पातळ नि सरळ, दुसरं विळ्यासारखं वाकडं. मुठीच्या पाठीत पोलादाची कमान असते, तिच्या जोरावर पातं उघडतं आणि मिटतं. एरवी ते प्रत्येक पात्याला वेगळी कमान घालत. लढाईपायी पोलाद मिळेनासं झालं तेव्हा दोन पात्यांत एकच घालू लागले. मग ती पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून दोन्हींना किंचित बाक द्यावा लागे. गिऱ्हाइकाचा अंगठा दाबून पाहायचा आणि त्या मानाने कमान कडक ठेवायची की नरम, ते ठरवायचं. शेवटी चाकू कानाशी धरून उघडायचा. खटका मनासारखा वाजला नाही तर कानस पुन्हा हातात. "सगळ्याईले एकच चाकू काहून पाह्यजे?" ते मला विचारत. "सगळ्याईचे हात का एकाच साच्यातले हायेत?" मी पुन्हा परदेशी चाकूंचं पुराण लावायचो.

माझी आक्का, गोदी, डावखुरी. माहेरी त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सासरी मात्र पहिल्याच आठवड्यात सासूने तिला डाव्या हाताने भाजी चिरताना पाहिलं. घरात सगळे या सासूला बुढी म्हणत. "डाव्या हातचं मी खात नाई," बुढीने सांगून टाकलं. आक्का उजव्या हाताने चिरू लागली आणि बोटं कापून घेऊ लागली. नवरात्रात मी भेटायला गेलो तर तिच्या डाव्या हाताला चिंध्या बांधलेल्या, आणि तो हात ती पदराखाली लपवत होती. एवढी बडबडी आक्का, मान वर करून बोलेना. माझं डोकंच फिरलं. "उद्या हिले घिऊन जातो मी," मी भाटव्यांना म्हणालो, "अन् पुन्हा धाडनार नाई." ते भात्याशी बसले होते. भाता ओढतच म्हणाले, "खंडेनवमी होऊ दे. मंग तुले वाटन तसं कर."

खंडेनवमीला लोहाराच्या घरी हत्यारांची पूजा होते. घरात थोरली म्हणून बुढीनेच घणाला, सांडशीला, ऐरणीला कुंकू लावलं. शेवटी एक छोटा दोन पात्यांचा चाकू होता. त्यालाही कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. भाटवे म्हणाले, "माय, उघडून तं पाह्य." बुढीच्या उजव्या अंगठ्याला नख अडकवायची खाच सापडेना. ती पात्याच्या दुसऱ्या अंगाला होती.

"हा कोनाचा व्हय?"

"गोदीचा. डाव्या हाताचा हाय. आत्ताच पुजला तू त्याले."

पुजलेलं हत्यार ज्याचं त्यानेच चालवायचं, ते पडून राहू द्यायचं नाही, असा त्या घरचा दंडक. आणि तो सगळ्यांत कडक पाळणारी बुढीच. तिने लेकाकडे पाहिलं. "लय शायना झाला तू," एवढंच म्हणाली. त्या दिवशी आक्काने डाव्या हाताने वांगी चिरली आणि बुढी जेवली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत निघालो, आणि वाटभर हसत होतो.

परवा आसेगावला गेलो. भेटायला आलेल्या नात्यातल्या म्हाताऱ्यांनी घर भरलं होतं. तिचा तो चाकू कोनाड्यात मिटलेला, आणि आक्का पुन्हा उजव्या हाताने विळीवर चाचपडत भाजी चिरत होती. ज्याच्या जिवावर तिने डावा हात चालवला तो माणूसच राहिला नव्हता. मी काही बोलणार तोच बुढी उठली. तिला आता नीट दिसत नाही. भिंत चाचपत ती कोनाड्याशी गेली, चाकू घेतला आणि सगळ्यांदेखत आक्काच्या डाव्या हातात ठेवला. "घे व. माह्यानं नाई उघडत हा."

आक्काने पातं उघडलं. खटका वाजला. बुढीने चटकन मान वळवली, लेकाच्या थंड भट्टीकडे. तिकडेच तोंड करून म्हणाली, "मीट. अन् पुन्हा एकडाव उघड."