समोरून येणाऱ्या दिव्याला नमस्कार

नागपूर सोडण्याच्या आदल्या दिवशी आमच्या मेकॅनिकने फियाटच्या दोन्ही हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवून दिला. "ताई, आता तुमचा उजेड कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही," तो म्हणाला. "आणि त्यांचा माझ्या डोळ्यांत?" असं मी विचारलं, तेव्हा तो हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला.

दिवसा मी गाडी कुठेही नेईन. रात्री मात्र समोरून ट्रक आला की पुढचा रस्ताच नाहीसा होतो. माझे यजमान श्रीधर गाडी चालवत नाहीत, पण गाडी कशी चालवावी हे त्यांना पूर्ण ठाऊक असतं. त्यांनी कुठूनसा उपाय शोधून आणला होता: समोरून दिवे आले की एक डोळा मिटायचा, म्हणजे ट्रक गेल्यावर तो ताजा डोळा उघडून पुढे जाता येतं. शिवनीच्या अलीकडे संधिप्रकाशात मी तो करून पाहिला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून मलाही डोळा मारला. त्यानंतर आम्ही अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा असं ठरवलं आणि जबलपूर, रीवा, मिर्झापूर करत भर दुपारी वाराणसीत शिरलो.

माझे चुलतकाका आप्पा दूधविनायकाच्या गल्लीत राहतात. त्यांच्या घराण्याला काशीत येऊन इतक्या पिढ्या झाल्या की कोकणातल्या मूळ गावाचं नाव त्यांना आठवून सांगावं लागतं. गल्लीत गाडी शिरणं शक्यच नव्हतं. ती दूर एका ओळखीच्या अंगणात लावून आम्ही सामान डोक्याखांद्यावर घेतलं आणि दोन गाई, एक सायकल आणि एका खाटेला वळसा घालून घरी पोचलो. काकूंनी गरम वरणभातावर तूप वाढलं आणि शेजारी कचोरी ठेवली. त्या घरात कोकण आणि काशी एकाच ताटात जेवतात.

जेवताना लक्षात आलं की आप्पा गप्प आहेत. हा माणूस गप्प बसणारा नव्हे.

रामनगरला, गंगेपलीकडे, अनंत चतुर्दशीपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रामलीला चालते. वीज नाही, ध्वनिक्षेपक नाही, सगळा खेळ पेट्रोमॅक्सच्या उजेडात. रोज न चुकता जाणाऱ्यांना तिथे नेमी म्हणतात. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, हातात काठी, असे हे नेमी वर्षानुवर्षं आपली जागा सोडत नाहीत. आप्पा तरुणपणापासूनचे नेमी. त्यांचा मुलगा विनय त्यांना स्कूटरवरून नेत-आणत असे. आठवड्यापूर्वी परतताना ट्रकच्या उजेडाने त्याचे डोळे दिपले आणि स्कूटर एका म्हशीच्या अंगावर जाता जाता वाचली. तेव्हापासून आप्पांचं लीलेला जाणं बंद. आप्पांच्या जागेवरून कोणी एक नेमी त्यांचं नाव घेऊन रोज आरतीला हात जोडत होता, तेवढ्यावर नेम टिकून होता. पण आता कोजागिरी, म्हणजे समाप्ती, जवळ आली होती.

"मी नेते आप्पांना," मी म्हणून बसले. जीभ टाळ्याला लावायच्या आत शब्द निघून गेले होते.

विनय बँकेत आहे, स्वभावानेही बँकेतलाच. "ताई, तिकडून ट्रक सामने से लाइट मारतात. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तू इथली नाहीस. ठीक आहे, आज घेऊन जा. पण काही गडबड झाली, तर मग लीला बिलकुल बंद. समझ लो."

आप्पा एवढंच म्हणाले, "सुमे, तू फिकीर करू नकोस. रस्ता मला पाठ आहे."

राजघाटच्या पुलावरून आम्ही दिवसाउजेडी पलीकडे गेलो. खाली गंगा पावसाळ्यानंतरची, अजून गढूळ आणि रुंद. रामनगरात कुल्हडातली (मातीच्या पेल्यातली) लस्सी झाली. वर सायीचा जाड थर होता. तो श्रीधरच्या मिशीवर तासभर राहिला आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. आप्पा आपल्या जागेकडे चालू लागले तेव्हा त्यांची काठी नुसती शोभेपुरती उरली होती. नेम्यांनी त्यांना पाहून हात वर केले. कोणीतरी म्हणालं, "आ गइला, गुरू?" आप्पांचा चेहरा असा उजळला की मलाच रडू आलं.

खेळाच्या शेवटी आरती. महताबी (पांढऱ्या उजेडाचं दारूकाम) पेटते, क्षणभर राम-सीतेचे चेहरे लखलखतात आणि हजारो हात एकदम जुळतात. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की हात जोडायचे असतात. वीज जाऊन आली तरीही आम्ही जोडतो. तिथे तर माझे हात आपोआपच कपाळापर्यंत गेले. श्रीधर नेहमीप्रमाणे हात मागे बांधून उभे होते. देवळातही ते असेच उभे राहतात, शाळातपासणीला आल्यासारखे.

परतीच्या वाटेवर आप्पा माझ्या शेजारी पुढे बसले. पडावच्या चौकाकडून ट्रकांची रांग येत होती. प्रत्येक ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरा असं रंगवलेलं असतं, पण आपल्या पाठीवर काय लिहिलंय हे कोणाला दिसतं? पहिले दोन ट्रक मी कसेबसे काढले. तिसऱ्याने वळणावर एकदम पूर्ण उजेड सोडला. सगळं पांढरं झालं. शेजारी आप्पांनी दिवा दिसताच सवयीने हात जोडले, "नमस्कार" म्हणाले.

आणि मीही जोडले.

दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून, मान लववून, अगदी मनापासून. फियाट तेवढ्यात शांतपणे डावीकडे उतरली आणि पावसाने मऊ झालेल्या मातीत चाक रुतवून थांबली. गाडी मुळात हळू होती म्हणून कोणाला खरचटलंही नाही.

ट्रक आमच्यासमोर थोड्या अंतरावर थांबला. ड्रायव्हर आणि क्लीनर धावत आले. "बहिनजी, हाथ काहे छोड़ दिहलू?"

मी हात घाईने परत स्टिअरिंगवर ठेवले. आप्पांनीच सांगितलं, "दीया देख के परनाम कइलीं, भइया. हमनी के घर में अइसने चाल हौ."

तो माणूस आपल्या ट्रककडे बघत राहिला. "हमरे बत्ती के?" मग इतका हसला की त्याला गाडीचा आधार घ्यावा लागला. "ई ट्रक क बत्ती हौ, बाबा, आरती थोड़े हौ!" हसून झाल्यावर दोघांनी आणि श्रीधरने मिळून गाडी ढकलून वर काढली. चिखल सगळा श्रीधरच्या विजारीवर गेला. जाताना ड्रायव्हरने क्लीनरला आपला उजेड खाली करायला लावला आणि आम्ही निघेपर्यंत तो वर केला नाही.

आप्पांना स्वतःच्या डोळ्यांची काळजी नव्हती, म्हशीचीही नव्हती. ते हळूच म्हणाले, "सुमे, विनयला सांगू नकोस. समाप्ती राहील गं माझी."

मग त्यांनी युक्ती काढली. "दिवा आला की नमस्कार करायचाच. पण हात मी जोडतो. तू फक्त मान लववायची, आणि नजर डावीकडे खाली. तिथे झाडांना चुना मारलाय, तो बघत चाल. दिव्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. आरतीतसुद्धा आपण महताबीकडे कुठे बघतो? तिच्या उजेडात जे दिसतं ते बघतो."

मी वेग कमी केला. दिवा आला, आप्पांचे हात जुळले, माझी नजर डावीकडच्या पांढऱ्या बुंध्यांवर गेली. ट्रक गेला. रस्ता जिथल्या तिथे होता. पुलापर्यंत येईतो आमची लय जमली होती आणि आप्पा चक्क रामायणातल्या चौपाया गुणगुणत होते.

घरी विनय दारातच उभा होता. "सगळं ठीक?" "बिलकुल," आप्पा म्हणाले. श्रीधरच्या विजारीबद्दल त्यांनी स्वतःच रामनगरच्या बैलांवर ठपका ठेवला.

जेवायला बसलो आणि वीज गेली. काकूंनी कंदील आणेपर्यंत ती परतही आली. लखकन उजेड पडला. काकूंनी, विनयने, आप्पांनी हात जोडले. मी मात्र ताटाच्या दोन्ही कडा घट्ट धरून, मान खाली घालून डावीकडच्या लोणच्याच्या बरणीकडे बघत बसले होते.

विनयने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग श्रीधरच्या विजारीकडे. बँकेतला माणूस, जमाखर्च जुळवायला वेळ लागला नाही.

"ताई, तू गाडीत हात सोडलेस?"

मी मान डोलावली. आप्पांनी सगळं सांगून टाकलं, उजेड खाली ठेवणाऱ्या ड्रायव्हरसकट. सांगताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. काकूंचा हात आमटीच्या पळीवर थांबला. विनय बराच वेळ भाताला आकार देत राहिला.

"आप्पांना ट्रक दिसेपर्यंत तो नाकाशी येतो," तो शेवटी म्हणाला. "उद्या मी येतो. मी पुढे बसतो. गाडीत हात जोडायचं काम माझं. समाप्तीपर्यंत."

आप्पांनी स्वतःच्या ताटातली जिलबी विनयच्या ताटात ठेवली.

कोजागिरीपर्यंत आम्ही राहिलो. सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नान, संध्याकाळी राजघाटचा पूल. विनय ट्रक दूर असतानाच "आला" म्हणायचा, हात जोडायचा, आणि मागे आप्पा निवांत डुलकी काढायचे. समाप्तीची महताबी पेटली तेव्हा आप्पा आपल्या जागेवर होते, स्वतःचे हात स्वतः जोडून.

परतताना देवलापारच्या पुढे अंधार पडला. नागपूर जवळ होतं म्हणून थांबलो नाही. चढावरून एक ट्रक पूर्ण उजेडात आला. मी वेग कमी केला, नजर डावीकडे नेली. झाडांचे बुंधे एकेक करून मागे गेले, ट्रक गेला, रस्ता होता तिथेच होता. रात्रीची भीती गेली असं म्हणणार नाही. पण तिच्याकडे तोंड करून बघायचं नसतं एवढं मला काशीत कळलं.

शेजारी पाहिलं. काशीविश्वनाथापुढेही हात मागे बांधून उभे राहिलेले श्रीधर छातीशी हात जोडून बसले होते.

"काय हे?" मी विचारलं.

"तू गाडी चालव," ते म्हणाले. "दुसरा येतोय."