धोंड्याचं वाण दुबईला

आमच्या मालकांचं नाव भीमाशंकर. रेणापुरात मंडपवाले भीमाशंकर म्हणलं की कुणीबी घर दाखवंल. माणूस वाईट न्हाई. पण डोक्यात एक गोष्ट शिरली की शिरली, मग हे चप्पल घालून दारात. एकदा उदगीरला पडद्याचं कापड आणायला गेले आन् म्हैस घेऊन आले. कापड कुठाय म्हणलं, तर म्हणले, म्हैस लई गरीब हाय. एकदा नेपाळला जायचं म्हणून आम्हा दोघांचे पासपोर्ट काढले. नेपाळला पासपोर्ट लागत न्हाई, हे पासपोर्ट हातात आल्यावर कळलं, आन् तवर नेपाळबी डोक्यातून गेलं होतं. असल्या माणसासंगं मी संसार करून राहिले. माझे केस उगं पांढरे झाले न्हाईत.

आवंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. ह्या महिन्यात लग्न न्हाई, म्हणजे मंडपाला काम न्हाई. बांबू गोदामात आन् मालक घरात. बिनकामाचा नवरा घरात बसला की काय होतं, ते ज्या बाईच्या घरात बसतो तिलाच ठावं. कुकरची शिट्टी कमी झाली, भाजीत मीठ जास्त झालं, दूधवाला कामून उशिरा आला, सगळ्याची चौकशी.

धोंड्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिवा आन् तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली रीत. जावई म्हणजे विष्णू. आमची दीपमाला दिलीय शिरूर अनंतपाळला, पण जावई वीरेश दुबईत लिफ्टा दुरुस्त करतो, पोरगीबी तिकडंच त्याच्यासंगं. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. पण जावई येणार न्हाई हे मला ठावं होतं, आन् ते काही नुसत्या लांब अंतरामुळं न्हाई. वीरेशनं दुबईची नोकरी धरली तवा मालकांनी भर पंगतीत, त्याच्या भावकीपुढं तोंड सोडलं होतं. म्हणले, “इथं पोट भरायची अक्कल न्हाई म्हणून मुलूख सोडून चाललाय. माझी पोरगी काय उंटामागं फिरायला दिली होय?” पोरगं जेवून उठलं, हात धुतला, पाया पडलं आन् गेलं. त्या दिवसापासून मालकांशी एक शब्द बोललं न्हाई. दीपमालाचा फोन येतो तो माझ्याच फोनवर. मागून जावयाचा आवाज आला की मालक कान टवकारतेत, आन् मी बघितलं की पेपर उघडतेत. पण चार शब्द बोला म्हणलं की, मी कशाला, तो ल्हान हाय, त्यानं बोलावं. सुंभ जळलं तरी पीळ जाईना.

तर जावई न्हाई म्हणून मी महादेवाच्या देवळात वाण द्यायला अनारसे तळत बसले होते. मालक आत आले, एक अनारसा तोंडात टाकला आन् तसेच उभे राहिले. चांगलं झालंय का म्हणून इचारलं. मग म्हणले, “हे देवळात न्हाई जायचं. हे जावयाला जायचं. आपण दोघं जाऊ.” मला वाटलं थट्टा करून राहिले. संध्याकाळपर्यंत नांदेडच्या एजंटाला फोन, पासपोर्टचे फोटो, सगळं झालं. नव्या कनातीसाठी ठेवलेले पैसे गेले. तिकिटं ऐनवेळची, म्हणजे दुप्पट भावाची. एजंटानं व्हिसासाठी हॉटेलाचा कागदबी विकत लावला, कारण दीपमालाला कळवायचं न्हाई असं मालकांचं ठरलं होतं. अचानक दारात उभं राहायचं म्हणे. म्हणलं, आवो, निदान पोरीला तरी सांगा. तर म्हणले, आधी सांगितलं आन् जावई नको म्हणला तर? तेवढं ऐकलं आन् मी माळ्यावरची बॅग खाली काढली.

पहिले अनारसे मालकांना पसंत पडंनात. खसखस हात राखून लावलीस, जावयाचं वाण हाय, देवाचं न्हाई, असं म्हणून मला दुसरा घाणा तळायला लावला. खसखस एवढी थापली की खालचा अनारसा दिसंना. वर बाजारातून खसखशीचं मोठं पाकीट आणलं, दीपूला तिकडं महाग पडत असंल म्हणून. हे पाकीट त्यांनी आपल्या हातानं बॅगेत साड्यांच्या मधी ठेवलं. मी एवढंच म्हणलं, की एजंटाला एकदा इचारा, काय चालतं काय न्हाई. तर म्हणले, खायच्या जिनसाला कोण अडवतंय.

हैदराबादला विमानात बसल्यापासून मालकांनी शेजारच्याला, पलीकडच्याला, पाणी देणाऱ्या पोरीलाबी सांगून ठेवलं, की आम्ही जावयाकडं चाललोय, धोंडा घेऊन. त्या पोरीला धोंडा काय कळणार. ती हसली आन् पुढं गेली. माझे कान दुखून राहिले होते, कापूस घातला होता, तरी मालकांचा आवाज येतच होता.

दुबईत उतरलो. बॅग मशिनीतून गेली आन् कस्टमच्या साहेबानं आम्हाला बाजूला घेतलं. डबा उघडला, अनारसे बघितले. बोटानं खसखस खरवडली. मग साड्यांमधून पाकीट निघालं आन् साहेबाचा चेहराच बदलला. आम्हाला एका खोलीत नेलं. फोन काढून घेतले. उर्दू बोलणारा एक माणूस आला. त्यानं सांगितलं, खसखस म्हणजे अफूचं बी, ते ह्या मुलखात आणायला सक्त बंदी हाय, कायद्यानं तुरुंग हाय. अनारशापायी तुरुंग! आमच्या सात पिढ्यांत कुणी ठाण्याची पायरी चढलं न्हाई, आन् मी नऊवारी नेसून अफूवाली झाले. रडू यायच्या आधी राग आला. मालकांकडं बघितलं, तर त्या माणसाला आपल्या लातुरी हिंदीत समजावून राहिले होते, की साब, ये मिठाई के ऊपर लगाते, हमारे इधर किराना दुकान में मिलती.

मग त्यानं इचारलं, इथं तुमचं कोण हाय? मी तोंड उघडलं, दीपमालाचं नाव ओठावर आलं. तेवढ्यात टेबलाखाली मालकांनी माझ्या पायावर पाय दिला, असा दिला की मी कळवळले. आन् म्हणले, “कोई नहीं साब. घूमने आए. होटल में उतरेंगे.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अख्ख्या विमानाला जावई जावई सांगत आलेला माणूस, आन् जिथं जावयाच्या नावाची गरज पडली तिथं म्हणतो कुणी न्हाई! एवढा पैसा पाण्यासारखा घालून आलो ते कशाला? अजून पंगतीतला तोरा उतरला न्हाई. तुरुंगात जाईन पण जावयाचा उपकार घेणार न्हाई, असाच हा माणूस. त्या गार खोलीत मी पदर गुंडाळून बसले आन् मनातल्या मनात त्यांना इतकं बोलले, की तोंडानं बोलले असते तर साहेबांनी मलाच आधी आत टाकलं असतं.

बऱ्याच वेळानं तो माणूस परत आला. वय बघून, आन् खरंच खायला आणलंय असं पटून, त्यांनी समज दिली, दंड घेतला आन् सोडलं. अनारसे, पाकीट, सगळं जप्त. टॅक्सीपुरते सोडले तर उरलेले पैसेबी दंडात गेले. बाहेर आलो तर असलं ऊन, की लातूरचं ऊन सावली वाटावी.

टॅक्सीवाल्याला दीपूच्या पत्त्याची चिठ्ठी दिली, आन् टॅक्सीत बसल्या बसल्या मी सुरू झाले. म्हणलं, जावयाचं नाव घ्यायला जीभ झडली होती का? आपल्या तोऱ्यापायी मला अफूवाली करून बसवलं. मालक खिडकीतून बाहेर बघून राहिले होते. म्हणले, “त्याचं नाव सांगितलं असतं तर त्याला बोलावलं असतं. त्याचं नाव आपल्या नावासंगं त्यांच्या कागदावर चढलं असतं. परक्या मुलखात नोकरी करून राहिलाय तो, दीपूची आई. नोकरी घालवायला आलो काय मी?”

राग होताच, पण तो कुठं ठेवावा ते समजंना.

दार दीपमालानं उघडलं. तिचा आनंद काय सांगावा, गळ्यातच पडली. वीरेश आतून आला. बघून थबकला, मग पुढं होऊन दोघांच्या पाया पडला आन् एका बाजूला उभा राहिला. मालक सोफ्याच्या कडेवर बसले, रिकामे हात गुडघ्यावर. दीपमालानं इचारलं, कधी उतरलात, एवढा उशीर कामून? मालक म्हणले, विमान लेट झालं.

मग मात्र मला राहवलं न्हाई. मी सगळं सांगितलं. खसखस, खोली, दंड, आन् पायावर पाय देऊन ‘कुणी न्हाई’ म्हणले तेबी. टॅक्सीत काय म्हणले तेबी सांगून टाकलं. मालक माझ्यावर डोळे वटारून राहिले, पण मी थांबले न्हाई.

वीरेशचा चेहरा लाल झाला. आन् जो जावई दोन वर्षांत बोलला न्हाई, तो मालकांपुढं येऊन उभा राहिला.

“मामा, मला फोन कामून लावायला सांगितला न्हाई? नोकरी गेली असती तर गेली असती. लिफ्टा काय, लातुरातबी हायत. तुम्हाला दोघांना तिथं बसवून ठेवलंय आन् मी इथं घरात गारव्याला झोपून राहिलो. उद्या काही झालं असतं तर मी दीपमालाला काय तोंड दाखवलं असतं? कुणी न्हाई म्हणे! मी कोण हाय मग?”

दीपमाला त्याची बाही ओढून राहिली होती, आवो हळू बोला, मोठे हायत. मी म्हणलं, बोलू दे, चांगलं घडाघडा बोलू दे.

मालकांनी मान खाली घातली. सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले आन् म्हणले, “चुकलं माझं, जावईबापू. आज चुकलं, आन् त्या पंगतीतबी चुकलं.”

वीरेशनं त्यांचे जोडलेले हात धरले आन् तिथंच खाली त्यांच्या पायाशी बसला. दीपमाला पदरानं डोळे पुसून राहिली होती.

आन् मी उभी, बॅग हातात. अख्ख्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून ‘चुकलं’ ऐकायची वाट बघितली मी, आन् ते निघालं ते परमुलखात, जावयापुढं. मला अजून एकदाबी म्हणले न्हाईत.