जनावरांशी बोलण्याचा अर्ज

“थांबा!” म्हणून मॅडम एक बोट वर करत आणि मान खिडकीकडे कलती करत. समोर प्राचार्य असोत की घरी मुलगी बघायला आलेले पाहुणे, सगळ्यांना गप्प बसावं लागे. बाहेर रस्त्यावर कुणीतरी आपल्या म्हशीला काहीतरी म्हणालेलं असे.

“ऐकलं का सर? ‘हैऽक’ नाही म्हणाला. ‘ह्योऽक’ म्हणाला. हा माणूस आमच्या नायगावकडचा नाही.”

नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या आणि मी कॉमर्स. स्टाफरूममध्ये तुम्ही कधी बसला असाल तर तिथे वेतन आयोगाशिवाय दुसरा विषय क्वचित निघतो हे तुम्हाला ठाऊक असेल. मॅडम मात्र कोंबड्यांवर बोलत. कोंबडीला दाणे टाकताना कुठे काय म्हणतात, देगलूरच्या पुढे तो आवाज कसा बदलतो, शेळी हाकताना जीभ टाळूला कुठे लागते, हे सगळं त्या करून दाखवत. नवीन शिपाई रुजू झाला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्या विचारत, “तुमच्या गावात कुत्र्याला हाकलताना काय म्हणतात?” बिचारा घाबरून “काही नाही मॅडम” म्हणे. मग त्या त्याला चहा पाजत आणि तो हळूच सांगे.

लोक हसत. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. “हसू द्या. पण दारोदारी ट्रॅक्टर आलेत सर. बैल गेला की त्याच्याशी बोलायचं ते कुणाशी बोलणार? आणि आवाज गेला की गेला. त्याची हाडं सापडत नाहीत.”

विद्यापीठाने त्यांचा प्रस्ताव ‘विषय कोणत्याही अभ्यासक्षेत्रात बसत नाही’ म्हणून परत पाठवला, तेव्हा कुणीतरी लातूरच्या एका ट्रस्टबद्दल सांगितलं. एका व्यापारी घराण्याचा हा जुना ट्रस्ट मराठवाड्यातल्या संशोधनाला मदत करायचा. मला कॉम्प्युटर येतो, एवढ्या गुन्ह्यासाठी अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे आलं.

‘संशोधन पद्धती’ या रकान्यात त्यांनी सांगितलं, “लिहा. गावात जाणे. बसणे. चहा पिणे. कुणी जनावराला काही म्हटलं की टिपून घेणे.”

मी लिहिलं, ‘सहभागी निरीक्षण’.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “चहा कुठं गेला?”

“मॅडम, हे बरं दिसतं.”

“दिसू द्या. पण चहा घेतल्याशिवाय गावात कुणी बोलतं का? ती पद्धती आहे. घाला.”

खर्चाच्या तपशिलात एसटीचा प्रवास, रेकॉर्डर आणि बिस्किटं होती. बिस्किटं म्हाताऱ्यांसाठी का, असं मी विचारलं. “नाही हो. कुत्र्यांसाठी. गावात शिरायचं तर पहिली परवानगी त्यांची.” विभागप्रमुखांनी शीर्षकात ‘पशुसंबोधन’ असा शब्द सुचवला. मॅडम म्हणाल्या, “या शब्दाला एक तरी म्हैस वळून बघेल का?” आणि शीर्षक ‘जनावरांशी बोलायची भाषा’ असंच राहिलं. ‘सामाजिक उपयुक्तता’ हा रकाना मात्र रिकामाच गेला. तिथे काय लिहावं, ते त्यांना सुचेना आणि मलाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. एसटीत मुरुडला निघालेला एक शेतकरी मॅडमच्या शेजारी बसला होता. अहमदपूर यायच्या आत अर्धी गाडी शेळ्या हाकून दाखवत होती. शेवटी कंडक्टर ओरडला, “ओ मॅडम, गाडीत एक बी शेळी न्हाई. मला तिकिटं तर फाडू द्या!”

“तुमच्याकडं काय म्हणतात?” मॅडमनी त्यालाच विचारलं. तो तिकीट द्यायचं थांबला आणि त्यानेही हाकून दाखवली.

ट्रस्टच्या ऑफिसात चौघे बसले होते. मधल्या खुर्चीवर कपाळाला भस्माचे पट्टे लावलेले, सगळे ज्यांना अप्पा म्हणत ते वयस्कर अडत व्यापारी. कडेला त्यांचा पुतण्या, समोर लॅपटॉप. मॅडमनी मला ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणून आत बसवून घेतलं.

“मॅडम, याचा आउटकम काय?” पुतण्याने विचारलं.

अप्पांनी तेच मराठीत विचारलं, “म्हंजे ह्याचा उपयोग काय हाय, बाई?”

मी मान खाली घातली. रिकामा रकाना समोर आला होता.

मॅडमनी उलट विचारलं, “अप्पा, तुमच्याकडं बैल होते?”

“होते की. उदगीरकडं आमची शेती हाय.”

“बैल पाण्यावर नेला की गडी काय करायचा?”

अप्पांनी ओठांचा चंबू केला. कवळीतून नुसतीच फूस निघाली. शेजारच्या डॉक्टर ट्रस्टींना राहवलं नाही. त्यांनी बैलाला पाणी पाजतानाची ती लांब, संथ शीळ वाजवली. दार उघडून क्लार्क धावत आला, “बोलावलं का साहेब?” सगळे खो खो हसले. पुतण्यासुद्धा.

हसणं ओसरल्यावर मॅडम बोलल्या. आवाज वर्गातला नव्हता.

“माझे वडील सालगडी होते, अप्पा. मालकापुढं त्यांचं एकच वाक्य, ‘जी मालक’. घरी येऊनही फार बोलायचे नाहीत. दमलेले असायचे. मी त्यांची भाकरी घेऊन शेतात जायची, तेव्हा लांबूनच त्यांचा आवाज यायचा. बैलांशी बोलत असायचे. रागवायचे, समजूत घालायचे, चेष्टा करायचे. माझा बाप एवढा बोलका आहे हे मला बैलांमुळं कळलं. असे लई बाप होते. त्यांचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नाही. उपयोग मला सांगता येत नाही.”

पुतण्याने लॅपटॉप हळूच मिटला. अप्पांनी रुमालाने कपाळ पुसलं, त्यात भस्म फिसकटलं. “आमचा गडी बी लई बोलायचा बैलाशी,” ते म्हणाले. “आमच्याशी न्हाई बोलला कधी.”

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. आठवड्याभराने अप्पांचाच फोन आला. ट्रस्टच्या जुन्या घटनेत एक कलम निघालं होतं. अर्जदार पन्नाशीच्या आतला हवा. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या.

“कलम आमच्या वडलांचं हाय. मोडता येत न्हाई,” अप्पा म्हणाले. “पर वळवता येतंय. तुमचं कॉम्प्युटरवाले सर काय वयाचे?”

आणि अशा रीतीने, ज्याने जन्मात कोंबडीही पाळली नाही असा कॉमर्सचा मी ‘जनावरांशी बोलायची भाषा’ या विषयाचा मुख्य संशोधक झालो, आणि मॅडम माझ्या सहायक. स्टाफरूममध्ये मी शिरलो की लोक ‘हैऽक’ म्हणू लागले. मला मॅडमकडे बघवेना. तसं मी बोलून दाखवलं.

“नावाचं काय घेऊन बसलात? चला, बिस्किटं घ्या.”

पुढची दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये आम्ही हिंडलो. लोक मला साहेब समजून खुर्ची देत. मॅडम गोठ्यात उकिडव्या बसत आणि थोड्या वेळाने घर त्यांचं होऊन जाई. इस्लापूरजवळच्या एका वाडीत एक म्हातारी भेटली. ती कुणाशीच धड बोलत नसे, पण म्हशीशी दिवसभर गप्पा मारी. मॅडम तिच्याकडे पुन्हा पुन्हा गेल्या. दोघी एकमेकींशी कमी आणि म्हशीशी जास्त बोलत. “सर, अशी मुलाखत विद्यापीठाला कधी कळेल का?” परतताना त्या खुशीत म्हणत.

गेल्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. साधीच वाटली होती. दवाखान्यातही त्यांनी नर्सला तिच्या गावच्या मांजरांबद्दल विचारलं. मग त्या बोलेनाशा झाल्या, आणि गेल्या.

अहवालात इस्लापूरचा भाग तेवढा राहिला होता, म्हणून मी एकटा गेलो. म्हातारी धार काढत बसली होती. तिने माझ्या मागे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

“बाई न्हाई आली?”

मी सांगितलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा सांगणं अवघड गेलं. म्हैस पाय झाडायला लागली होती. म्हातारीने तिच्या पोटावर सावकाश हात फिरवला आणि हळूच तिला म्हणाली, “उभी ऱ्हा माय, उभी ऱ्हा. पाव्हणा रडून राहिला.”